अधिकृत स्वाक्षरीकर्ता

१ जुलै २०२४, सोमवार

तीन वर्षं दोन महिने घरी बसल्यावर आजपासून पुन्हा ऑफिस. कुसुमनं डबा भरून दिला आणि म्हणाली, "बरं झालं. आता माझ्या किराणाच्या यादीतल्या चुका काढायचं तरी थांबंल." 'वेलदोडे' तिनं चुकीचं लिहिलं होतं, हे मात्र खरं आहे.

सोपान इंडस्ट्रियल पार्क चाकणच्या अलीकडे, महाळुंग्याच्या बाजूला आहे. थेरगावहून दोन बस आणि एक रिक्षा. मालक रणजीतशेट चाळिशीच्या आतले. वडिलांच्या जमिनीवर चव्वेचाळीस शेड बांधून त्यांनी भाड्यानं दिल्यात. कुणी स्प्रिंगा करतो, कुणी रबराचे भाग, एक बाई तर कंपन्यांच्या कँटीनसाठी पोळ्या करते. शेटना आता पार्कमध्ये वीज वितरणाचा स्वतःचा परवाना हवा आहे. त्यासाठी वीज नियामक आयोगाकडे अर्ज करायचा. "गितेसाहेब, सरकारी कागदाची नस कळणारा माणूस पाहिजे होता," शेट म्हणाले. ही खुशामत नव्हे. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. पाकीट फोडायच्या आधी आतल्या पत्राचा सूर ओळखायचो.

मी विचारलं, सध्या भाडेकरूंना वीज कुठून मिळते? शेट म्हणाले, पार्कचं एक मोठं कनेक्शन आहे, त्यावरून आपण सहा वर्षांपासून प्रत्येकाला सब-मीटर लावून देतो. मी लगेच अर्जात वाक्य घातलं: 'अर्जदारास वीज वितरणाचा सहा वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आहे.'

ऑफिसात दिव्या नावाची मुलगी आहे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, वाकडहून स्कूटीवर येते. ती म्हणाली, "काका, हे वाक्य काढा. परवाना नसताना सहा वर्षं वीज विकली, असं आपणच लिहून देतोय."

मला काका म्हणते. हुशार आहे, पण अर्जात अनुभवाला किती वजन असतं ते तिला कोण सांगणार? वाक्य ठेवलं.

१९ जुलै, शुक्रवार

आयोगाचं पहिलं पत्र आलं. पोच. 'आपला अर्ज या कार्यालयास प्राप्त झाला आहे. या पोचीवरून अर्ज स्वीकारल्याचा अर्थ काढू नये.'

शेटचा चेहरा उतरला. मी त्यांना समजावलं की पोच हे ओळखपत्र असतं. दारात कोण आलंय ते पाहून घरातल्यांनी 'थांबा' म्हटलं, हाकललं नाही. शिवाय 'आपला' लिहिलंय, 'तुमचा' नाही. शेट एकदम खूश. पेढे वाटले. संध्याकाळी गेटवर फ्लेक्स लागला: 'शासनमान्य वीज वितरण, लवकरच आपल्या सेवेत.' वर शेटचा मोठा फोटो, खाली कोपऱ्यात माझा. 'शासनमान्य' हा शब्द खटकला. सांगणार होतो, पण फोटो बरा आला होता.

१२ ऑगस्ट, सोमवार

दुसरं पत्र. त्रुटीपत्र. तेवीस मुद्दे!

दिव्या यादी बघून घाबरली. माझ्या मते त्रुटीपत्र हा सगळ्यात मायाळू प्रकार. ज्याला हाकलायचंय त्याच्या चुका मोजत कोण बसतं? हे जेवताना कुसुमला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे माझ्या यादीतल्या चुका तुमी मायेनं काढता व्हय?" विषय बदलला.

बावीस मुद्द्यांची उत्तरं दोन दिवसांत होतील. अडचण मुद्दा नऊची: प्रत्येक शेडच्या अर्थिंगची चाचणी घेऊन जबाबदार व्यक्तीच्या सहीचा अहवाल जोडावा. अर्थिंग म्हणजे मशीनमध्ये फुटलेली वीज माणसाच्या अंगातून न जाता वायरनं जमिनीत जावी, ही सोय. दिव्या म्हणाली, "चाचणी कधी झालेलीच नाही. अर्थिंगचे खड्डे बारा आहेत आणि शेड चव्वेचाळीस. बाकीच्यांच्या वायरी नुसत्या एकमेकींना जोडून ठेवल्यात."

शेट म्हणाले, "तू अहवाल टाइप कर आणि सही कर."

तिनं टाइपही केला नाही, सहीही केली नाही. वर तसं ईमेलनं लेखी कळवलं. पाच फुटांवर बसलेल्या माणसाला ईमेल! नव्या पिढीला समोरासमोर बोलता येत नाही.

मग शेट माझ्याकडे वळले. "गितेसाहेब, हा प्रश्न इंजिनिअरिंगचा नाहीच. पत्रात काय लिहिलंय? जबाबदार व्यक्ती. आपल्याकडे जबाबदार व्यक्ती कोण?"

१४ ऑगस्ट, बुधवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

सकाळी शेटनी मला केबिन दिली. काचेचं दार. टेबलावर नवाकोरा शिक्का: 'उ. कि. गिते, अधिकृत स्वाक्षरीकर्ता'. चौतीस वर्षांत मी हजारो पत्रं लिहिली आणि प्रत्येकाखाली सही दुसऱ्याची. माझ्या वाट्याला कोपऱ्यातली बारीक अक्षरं, 'साहेबांच्या सहीसाठी सादर'. अठरा साहेब आले नि गेले. त्यातल्या निम्म्यांना 'सविनय' आणि 'सविस्तर' यातला फरक कळत नव्हता. आज कागदही मी केला, सहीही मी केली.

चव्वेचाळीस सह्या. प्रत्येक अहवालात आकडा हवा म्हणून शेटनी एक नमुना दिला होता, त्यातले आकडे थोडे थोडे बदलून घातले. शेवटच्या आठ-दहा सह्या वेड्यावाकड्या आल्या. हात अवघडला असावा.

दिव्या दारात उभी होती. म्हणाली, "काका, निदान एका शेडमध्ये जाऊन तरी बघा."

तिला केबिन मिळाली नाही याचं वाईट वाटलं असणार. साहजिक आहे.

घरी शिक्का दाखवायला नेला. कुसुमनं उलटा धरून वाचला आणि विचारलं, "कशावर सही केली?" अर्थिंगच्या अहवालावर, म्हणालो. "तुम्हाला त्यातलं काय कळतं? परवा बल्ब बदलायला शेजारच्याला बोलावलं ना?"

शिक्का परत पिशवीत ठेवला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

तिसरं पत्र मागच्या आठवड्यात आलं. त्रुटींची पूर्तता झाली! आता जाहीर सूचना छापायची, तीस दिवसांत कुणाचा आक्षेप असेल तर तो मागवायचा. आज सूचना दोन वर्तमानपत्रांत आली. खाली माझं नाव. कात्रण कपाटात ठेवलं आहे. एक प्रत बीडला भावाला पाठवली.

७ ऑक्टोबर, सोमवार

एकच आक्षेप आला. तोही आपल्याच पार्कमधून. आयोगानं त्याची प्रत पाठवली आहे: 'आपले म्हणणे पंधरा दिवसांत सादर करावे.' आक्षेप आहे शेड क्रमांक सत्तावीसच्या सुभद्राबाईचा, त्या पोळ्यावालीचा. वहीचं रेघांचं पान, त्यावर तेलाचा डाग, तोही झेरॉक्समध्ये उमटलाय. जसंच्या तसं उतरवून घेतो:

'मी सुभद्राबाई. आमी बारा बायका पोळ्या करतो दोन कंपनीच्या क्यांटीनला. मशीन झटका देते. बंद असली तरी देते. शालनबाई पडली हात भाजला आठ दिस दवाखान्यात व्हती. हापिसात सांगितल तर म्हनले चपला घाला. आमी खाली रबर घालून उबं ऱ्हातो. हे लोक आता वीजेच लायसन मागत्यात. देऊ नका. आदी दुरुस्त करा म्हनावं.'

'प्रति' नाही, 'विषय' नाही, 'संदर्भ' नाही. तारीखसुद्धा नाही. चुका मोजल्या आणि विसावर थांबलो. असल्या कागदाची आयोगानं दखल घ्यावी याचंच नवल वाटलं.

माझं उत्तर तयार आहे: 'प्रस्तुत आक्षेप मोघम असून त्यास कोणताही पुरावा जोडलेला नाही. तद्वतच तो वस्तुस्थितीस धरून नाही. सबब फेटाळण्यात यावा.' वाचून शेटनी टेबलावर थाप मारली. "एक नंबर! पण त्यापेक्षा बाईनं कागद मागंच घेतला तर? दसऱ्याला पेढ्यांचा बॉक्स घेऊन जा तुम्ही. दोन ओळी लिहून आणा. तुमचं ऐकतील लोक."

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

शेडमध्ये गेलो. पार्कमध्ये नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच.

आत पिठाची वाफ. बारा बायका, नवी लुगडी, केसांत झेंडू. रोज सहा हजार पोळ्या होतात म्हणे. आज मशीन बंद ठेवून तिची पूजा चालली होती. प्रत्येक बाईच्या पायाखाली काळ्या रबराचे तुकडे, शेजारच्या शेडमधून रिजेक्ट झालेले.

सुभद्राबाई पन्नाशीच्या, इथल्याच गावच्या. मला बघून म्हणाल्या, "हापिसातलं कोन आलं बया! या सायेब. कुकू लावा मशिनीला, मग जेवायला बसा."

मी बूट काढले, बोट कुंकवात बुडवलं आणि मशीनच्या पत्र्याला लावलं. मनगटापर्यंत मुंग्या आल्या. झटकन हात मागं घेतला. रक्तदाबाची नवी गोळी सुरू केल्यापासून हे असं काहीतरी होतं. डॉक्टरांना विचारायला हवं.

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. एकीनं रबराचा एक तुकडा माझ्या पायाकडे सरकवला.

जेवताना विषय काढला. म्हटलं, बाई, तुमचा कागद आयोगात टिकणार नाही, मागं घेतलात तर बरं. त्यांनी विचारलं, "का न्हाई टिकायचा?" मी म्हणालो, तारीख नाही, पुरावा नाही, भाषा अशुद्ध आहे.

त्या जराशा लाजल्या. "मी चौथी शिकले सायेब. तुमी एवडे शिकलेले. चुका हायेत तर तुमीच नीट करून द्या की."

मी म्हणालो, तसं करता येणार नाही, मी दुसऱ्या बाजूचा आहे.

"चुकीला कसली आलीय बाजू?"

तेवढ्यात शालनबाई नावाच्या बाईनं वाटीत आणखी वरण घातलं. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत चकचकीत गुलाबी आहे, नवीन कातडीसारखा.

म्हणालो, फक्त शुद्धलेखन पाहतो.

तारीख विचारली तर भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. ज्या दिवशी कुणाला झटका बसला त्या तारखेवर कुंकवाचा ठिपका. जूनमध्ये अकरा ठिपके. जुलैत चौदा. नऊ ऑगस्टला ठिपक्याच्या जागी मोठा गोल, शालनबाई पडली तो दिवस. मी नकळत वही काढली. ऑफिसात कुणाला सांगितलं, कुठल्या दिवशी, उत्तर काय मिळालं, दवाखान्याचा कागद आहे का, सगळं विचारत गेलो. तीन तास कसे गेले कळलंच नाही.

पेढ्यांचा बॉक्स तिथंच राहिला. माघारीच्या दोन ओळी घ्यायच्या राहून गेल्या.

१४ ऑक्टोबर, सोमवार

मनाशी स्पष्ट असावं म्हणून लिहितो: शुद्धलेखन सुधारणं ही बाजू घेणं नव्हे.

सुभद्राबाईंचा कागद काल घरी बसून नीट केला. 'प्रति', 'विषय', 'संदर्भ' घातलं. घटनांचा तारीखवार क्रम लावला. कॅलेंडरच्या पानांच्या झेरॉक्स 'परिशिष्ट अ', दवाखान्याचा कागद 'परिशिष्ट ब'. शेवटी विनंती: 'तद्वतच सर्व शेडच्या अर्थिंगची तटस्थ यंत्रणेकडून तपासणी झाल्याखेरीज अर्जाचा विचार होऊ नये. सबब ही पुरवणी.' आज खाली त्यांनी सही केली, एक एक अक्षर कोरत, आणि कागद टपालात गेला. तीन पानं. एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही. इतकं देखणं पत्र माझ्या हातून आजवर झालेलं नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

त्यानंतर पार्कतर्फे त्याच आक्षेपाला दिलेलं माझं उत्तर वाचलं. त्यात जीव नाही. सुधारायला बसलो, पण काही सुचेना. शेवटी होतं तसंच पाठवलं.

शेटना सांगितलं, बाई ऐकत नाहीत. बाकीचं सांगायची गरज वाटली नाही.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

कारणे दाखवा नोटीस.

असं पत्र मी आयुष्यात किमान दोनशे वेळा लिहिलं असेल. आपल्या नावानं आलेलं आज पहिल्यांदा वाचलं. 'अर्जदार, तसेच त्यांचे अधिकृत स्वाक्षरीकर्ता श्री. उ. कि. गिते यांनी पंधरा दिवसांत कारणे दाखवावीत, की विनापरवाना वीज वितरण केल्याबद्दल व असत्य अहवाल सादर केल्याबद्दल कारवाई का करण्यात येऊ नये.'

विनापरवान्याला आधार काय? 'अर्जदाराने स्वतःच सहा वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव नमूद केला आहे.' असत्य अहवालाला आधार काय? शेड सत्तावीसच्या बाईंची पुरवणी, परिशिष्ट अ व ब. शालनबाई नऊ ऑगस्टला पडली आणि माझ्या अहवालात चौदा ऑगस्टला त्याच शेडचं अर्थिंग 'उत्तम'. दोन्ही वाक्यं माझी. नोटिशीत दोन्ही एकाखाली एक ठेवली आहेत. मांडणी उत्कृष्ट आहे.

हात गार पडले. नवीन गोळीचाच काहीतरी दोष.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

शेटनी बोलावलं. शेजारी वकील. "काका, बसा," शेट म्हणाले. जुलैपासून गितेसाहेब होतो.

"काका, अहवालावर सही तुमची आहे ना? मग खुलासा तुम्हीच द्यायचा. मी व्यवसायातला माणूस, मला टेक्निकल काय कळतं?"

मी म्हणालो, मलाही टेक्निकल कळत नाही.

"मग सही कशाला केली?" वकिलांनी विचारलं. प्रश्न वाजवी होता.

वकिलांच्या मते मी फक्त एवढंच लिहायचं: 'चाचणी झाली नसल्याची मला कल्पना नव्हती. ऑफिसातील तंत्रज्ञ कर्मचाऱ्याने दिलेल्या माहितीवर विसंबून सही केली.' तंत्रज्ञ कर्मचारी म्हणजे दिव्या. शेट म्हणाले, "तिला काय, दुसरी नोकरी मिळेल. तुमचं वय झालंय. वर मी आहेच."

बाहेर टपरीवर दिव्या भेटली. तिला सगळं आधीच कळलं होतं. तिनं फोनवर ऑगस्टमधला तो ईमेल दाखवला, सही का करणार नाही याची पाच कारणं लिहिलेला. म्हणाली, "मला काही होणार नाही काका. मी हे लिहून ठेवलंय. मला तुमची काळजी वाटत होती. म्हणून म्हटलं होतं, एकदा जाऊन बघा."

चहा तिनंच पाजला. ईमेल पुन्हा वाचला. एकही चूक नाही. पाच फुटांवरून लिहिलं होतं ते बरोबरच केलं होतं पोरीनं.

५ जानेवारी २०२५, रविवार

काल सुनावणीची नोटीस आली. एकवीस तारखेला पुण्यात, जातीनं हजर राहावं. खुलासा तेव्हाच तोंडी व लेखी सादर करावा.

वकिलांचा मसुदा घरी टेबलावर आहे. रोज वाचतो. भाषा चोख आहे. 'कल्पना नव्हती' हा शब्दप्रयोग चांगला, त्यात नकारही आहे आणि नम्रताही.

कुसुम भाजी निवडत होती. म्हणाली, "कामून एवढं वाचता? खरं असंल तर द्या, खोटं असंल तर फाडा."

मी म्हणालो, इतकं सोपं नसतं ते. सरकारी भाषेत मधल्या जागा असतात.

"त्या बाईच्या हाताची कातडी कोणत्या जागेत बसती?"

हे मी तिला दसऱ्याला सांगितलं होतं. सांगायला नको होतं.

वकिलांचा मसुदा ठेवून दिला आणि स्वतःचं चार पानी निवेदन लिहायला घेतलं. त्यात माझी चौतीस वर्षांची सेवा, पत्रव्यवहारातील जबाबदारीची विभागणी आणि स्वाक्षरी या संकल्पनेचा इतिहास यांचा परामर्श घेतला आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

सुनावणी झाली. सर्वस्वी बिघडली. क्रमानं लिहितो.

समोर तीन सदस्य, मध्यभागी एक बाई. डावीकडे शेट आणि वकील, त्यांच्या मागे मी. उजवीकडे सुभद्राबाई आणि त्यांच्या बायका, एका टेम्पोत बसून आलेल्या. दिव्या शेवटच्या रांगेत. कुसुमही आली होती, मी नको म्हटलं असताना.

अध्यक्षबाईंनी सुभद्राबाईंना विचारलं, "हा आक्षेप तुम्ही लिहिला?"

"पयला मी. दुसरा ह्या सायबांनी ल्हिवून दिला," सुभद्राबाईंनी कौतुकानं माझ्याकडे बोट केलं. "माझ्यात चुका व्हत्या ना लई."

शेट खुर्चीत गर्रकन वळले. अध्यक्षबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा पुसला. "दोन्हींत 'तद्वतच' आहे. दोन्हींत 'सबब' आहे. मला वाटलंच होतं. गिते, पुढे या. आक्षेपही तुमचा आणि उत्तरही तुमचं?"

मी निवेदन काढलं आणि घसा साफ केला.

"ते राहू द्या. यातलं खरं कोणतं?"

निवेदनाच्या चार पानांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "आक्षेप."

"अहवालावर सही तुमची?"

"हो."

"चाचणी कधी झाली?"

"झाली नाही."

"सही करताना हे तुम्हाला माहीत होतं?"

वकील खोकले. मला 'कल्पना नव्हती' हे शब्द आठवत होते, अगदी स्वल्पविरामासकट. मागे दिव्या होती. मी म्हणालो, "माहीत होतं. दिव्या मॅडमनी सांगितलं होतं. जाऊन बघा असंही म्हणाल्या होत्या. मी गेलो नाही."

"मग सही का केलीत?"

"शिक्का मिळाला होता."

कुणीतरी हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "त्या मशीनला तुम्ही कधी हात लावलाय?"

"दसऱ्याला. कुंकू लावताना."

"काय झालं?"

"मुंग्या आल्या. मनगटापर्यंत."

"मग तुम्ही काय केलंत?"

"डॉक्टरांकडून रक्तदाबाची गोळी बदलून घेतली."

आता पुष्कळ जण हसले. पण सुभद्राबाईंच्या बायकांपैकी एकही हसली नाही, ते पाहून बाकीचेही हळूहळू थांबले. शालनबाईनं हातावरचा पदर मागे केला आणि हात पुढे धरला. अध्यक्षबाई बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या. मग शेजारच्या सदस्यांना काहीतरी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

निवेदन वाचायचं राहूनच गेलं, नुसतं टेबलावर देऊन आलो. चौतीस वर्षांच्या अनुभवाचं सार्थक करायची वेळ आली आणि मी तीस-पस्तीस शब्द बोललो असेन, त्यातही एकही धड वाक्य नाही. परत येताना बसमध्ये कुसुमला म्हणालो, माझी अब्रू गेली. ती खिडकीबाहेर बघत होती. तिनं माझा हात हातात घेतला. बसमध्ये, चारचौघांत. असं तिनं लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच केलं. तिलाही वाईट वाटलं असणार.

शेटचा निरोप फोनवर आला: उद्यापासून येऊ नका.

३ मार्च, सोमवार

आदेश आला. दिव्यानं फोनवर पाठवला. तिनंही पार्क सोडलं, आता भोसरीत मीटर तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. आदेश सव्वीस पानांचा आहे. अर्ज फेटाळला. विनापरवाना वितरणाबद्दल शेटवर वेगळी कारवाई सुरू. सर्व शेडना वितरण कंपनीनं थेट कनेक्शन द्यावं, तोवर विद्युत निरीक्षकांनी तपासणी करून धोकादायक पुरवठा बंद ठेवावा. परिच्छेद अठरामध्ये माझ्याविषयी एकच ओळ: 'स्वाक्षरीकर्त्याने वस्तुस्थिती मान्य केली आहे.' चार पानांचं निवेदन जोडलेलं असूनही त्याचा उल्लेख नाही.

शेट खचले असतील असं वाटलं होतं. दिव्या म्हणाली, गेटवर नवीन फ्लेक्स लागलाय, 'सोलर पार्क, लवकरच'. पत्रव्यवहारासाठी कुणीतरी निवृत्त गृहस्थ नेमलेत. त्यांना भेटून चार गोष्टी सांगाव्यात असा विचार आहे. निदान शेड बघून या म्हणावं.

१७ मार्च, सोमवार

आज शेड सत्तावीसला जाऊन आलो. निरीक्षकांनी सगळ्यात आधी त्यांचीच वीज तोडली, कारण तक्रार त्यांची होती. नऊ दिवस बारा बायका गॅसवर, हातानं पोळ्या लाटत होत्या. एका कंपनीनं कँटीनचं काम दुसऱ्याला दिलं. परवा नवीन कनेक्शन मिळालं. नवा खड्डा, नवी वायर, नवा मीटर.

मला अपराधी वाटलं. सुभद्राबाईंना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "पत्र लई झ्याक व्हतं तुमचं, सायेब. पर नऊ दिस खांदं भरून आलं आमचं." मग जरा थांबून, "ऱ्हाऊ द्या. कॅलेंडर कोरं हाय आता. दुसरं क्यांटीन बगू."

त्यांना नव्या कामासाठी एका कंपनीला पत्र लिहायचं होतं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. 'आमी चांगल्या पोळ्या करतो. घेऊन बघा.' मी म्हणालो, 'सदर आस्थापनेकडून' असं काहीतरी घालू या. त्या म्हणाल्या, "कशाला? पोळीच ना ती." घातलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

आज घरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं आयोगाचं पत्र आलं. फक्त माझ्या नावाचं. पोस्टमनसमोर सही केली. कुसुमला हाक मारली. बसून उघडलं.

दंड नाही. पुढची कारवाई नाही. 'श्री. उ. कि. गिते यांनी सुनावणीदरम्यान वस्तुस्थिती कथन केल्याचे विचारात घेता, खातरजमा न करता अहवालावर स्वाक्षरी केल्याबद्दल त्यांना याद्वारे समज देण्यात येत आहे.'

चौतीस वर्षांत मी इतरांना दिलेल्या समजांची गणती नाही. उशिरा येणाऱ्याला समज, फाईल हरवणाऱ्याला समज. मला स्वतःला एकदाही नाही. कोऱ्या सेवापुस्तकाचा मला अभिमान होता. पत्र वाचून दाखवलं.

कुसुमनं चष्मा लावून पत्र स्वतः वाचलं, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. नीट घडी करून माझ्या हातात दिलं.

"एकसष्टाव्या वर्षी का होईना," ती म्हणाली, "आली म्हणायची."